गोड तांबड्या वाइनचे पंगतीतील स्थान

फ्रान्सच्या तांबड्या वाइनचा विषय निघाला की बोर्दो आणि बर्गंडी या दोन प्रांतांची नावे प्रथम ओठांवर येतात. आणि त्या प्रांतांची कीर्ती ज्या वाइनवर उभी आहे ती कोरडी, म्हणजे द्राक्षांतील साखर आंबण्याच्या क्रियेत जवळजवळ निःशेष झालेली, असल्यामुळे तांबडी वाइन कोरडीच असावयाची व गोडी ही पांढऱ्या वाइनची मिरासदारी, असा समज पाकशास्त्रावरील लेखनात दृढमूल होऊन बसला आहे. वस्तुस्थिती अशी की, त्याच देशाच्या दक्षिण टोकाला, पिरेनीज पर्वताची रांग जेथे भूमध्य समुद्राला मिळते त्या रुसियों मुलखात, सुमारे सातशे वर्षांपासून गोड वाइन सिद्ध होत आली आहे, आणि तिच्यातील तांबड्या प्रकारांची योग्यता जाणकारांनी केव्हाच मान्य केलेली आहे. मात्र ही वाइन कोणत्या अन्नाबरोबर घ्यावी या प्रश्नावर एकवाक्यता नाही. गोडाबरोबर गोड, म्हणून ती केवळ जेवणाच्या शेवटी मिष्टान्नाबरोबर यावी असे एक मत आहे. ती जेवणापूर्वी घोटभर घेण्याची वस्तू आहे, पंगतीत तिचे काम नाही, अशी खुद्द फ्रेंच कुटुंबांतील बरीचशी वहिवाट आहे. आणि चॉकलेटखेरीज तिला दुसरा सोबती नाही असे एक अलीकडचे मत आहे. या तिन्ही मतांत सत्यांश आहे, पण तिन्ही अपुरी आहेत असे माझे म्हणणे आहे. या वाइनचा खरा सोबती खारट व कडू पदार्थ होय, गोड पदार्थाचा क्रम त्यानंतर लागतो, हे पुढील विवेचनात दाखविण्याचा यत्न करावयाचा आहे.

प्रथम ज्या वस्तूविषयी बोलावयाचे तिची हद्द आखून घेणे अवश्य आहे. युरोपीय कायद्यानुसार लिटरमागे ४ ग्रॅमपर्यंत साखर असलेली वाइन सामान्यतः कोरडी समजली जाते, आम्लता अधिक असल्यास ही मर्यादा काहीशी वाढवून मिळते, आणि साखर ४५ ग्रॅम वा त्याहून अधिक असेल तेव्हाच वाइनला पूर्ण गोड म्हणता येते. मधल्या पट्ट्यात अर्धकोरडी आणि सौम्य गोड असे दोन दर्जे बसतात. फ्रान्समध्ये तांबड्या रंगाची गोड वाइन तीन वाटांनी बाजारात येते. पहिली वाट साध्या, स्वस्त बाटल्यांची: आंबण्याची क्रिया थंडीने व गाळणीने मध्येच थांबवून थोडी साखर राखलेली, मद्यार्क बेताचा असलेली ही वाइन थंड करून पिण्याजोगी असते, आणि तिच्याकडून फार मोठी अपेक्षा कोणी करीत नाही. दुसरी वाट ब्युजे प्रदेशातील सेर्दों या गावाची: तेथे मुख्यत्वे गामे जातीच्या द्राक्षांपासून बाटलीतच आंबून फेसाळणारी, शेकडा आठच्या आसपास मद्यार्काची, गुलाबी रंगाची गोड वाइन होते, तिला काटेकोरपणे तांबडी म्हणता येणार नाही, पण चर्चेत तिची दखल घ्यावी लागते. तिसरी वाट बान्युल्स, मोरी, रिव्हसाल्त व ऱ्होन खोऱ्यातील रास्तो या ठिकाणांची, आणि प्रस्तुत लेखाचा मुख्य रोख तिच्याकडेच आहे, कारण अन्नाशी मेळ घालण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने गहन होतो तो तेथे.

या तिसऱ्या प्रकाराचे रहस्य असे की, द्राक्षरस आंबत असताना, अर्धीअधिक साखर अजून शिल्लक असतानाच, त्यात द्राक्षांपासूनच काढलेला तीव्र, शेकडा ९६ च्या जवळपासचा निर्गंध मद्यार्क रसाच्या आकारमानाच्या शेकडा ५ ते १० या प्रमाणात ओततात. त्यायोगे किण्व मरते, आंबणे थांबते, आणि फळाची मूळ गोडी वाइनमध्ये कायम राहते. ही युक्ती शोधून काढण्याचे श्रेय रुसियोंची परंपरा आर्नो द व्हिलनव्ह या वैद्याला देते. तो मोंपेलिये येथील प्रसिद्ध वैद्यकपीठात अध्यापक होता, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची कारकीर्द झाली व १३११ साली त्याचे निधन झाले. त्या काळी पेर्पिन्यां ही माजोर्काच्या राजांची राजधानी होती, आणि हा सर्व मुलूख कातालान भाषेचा व कातालान चालीरीतींचा होता. फ्रान्सच्या अमलाखाली तो आला १६५९ च्या पिरेनीज तहाने. ही गोष्ट नुसती इतिहासाची नाही. पुढे अन्नाचा विचार करताना पॅरिसच्या पाकगृहाइतकेच कातालान स्वयंपाकघराकडेही पाहावे लागते ते याच कारणाने. पुढे सरकारी दप्तरात या वाइनचा वर्ग कोणता, मद्यार्क मिसळला म्हणून तिच्यावर स्पिरिटची भारी जकात बसवावी की साध्या वाइनचा माफक महसूल घ्यावा, हा मामला बराच काळ गाजला. पाम्स यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १८९८ च्या कायद्याने तिला वाइनच्या महसुली व्यवस्थेत जागा दिली, आणि १९३६ साली बान्युल्स व मोरी या नावांना कायद्याचे संरक्षण मिळाले. रास्तोला ते १९४४ मध्ये लाभले.

बान्युल्सची द्राक्षे पिकतात ती बान्युल्स-स्युर-मेर, कोलिऊर, पोर-व्हाँद्र आणि सेर्बेर या चार समुद्रकाठच्या गावांच्या हद्दीत. डोंगर थेट समुद्रात उतरलेले, जमीन म्हणजे पापुद्रे सुटणाऱ्या काळसर शिस्ट खडकाचा चुरा, आणि त्या उतारांवर चुन्याशिवाय रचलेल्या दगडी बांधांच्या ताली. वळवाचा पाऊस कोसळला तर माती वाहून जाऊ नये म्हणून तालींतून कोंबड्याच्या पायाच्या आकाराचे दगडी पाट काढलेले असतात. यंत्राला तेथे प्रवेश नाही, मशागत व तोडणी बहुतांशी हातानेच होते, त्रामोंतान नावाचा वायव्येकडील कोरडा वारा वेलींना झोडपीत असतो, आणि पीक इतके थोडे येते की सपाट प्रदेशातील शेतकरी ते ऐकून चकित होईल. या अशा भूमीतून ग्रनाश जातीचे काळे द्राक्ष जाड सालीचे नसले तरी साखरेने ओतप्रोत भरलेले निघते. बान्युल्समध्ये त्याचे प्रमाण निदान निम्मे, आणि ‘ग्रां क्र्यू’ या वरच्या दर्जासाठी निदान शेकडा ७५ असावे व वाइन निदान ३० महिने लाकडी पिंपांत मुरावी असा नियम आहे. मद्यार्क पुष्कळदा सालींसकट रसातच ओतून कित्येक दिवस तसाच ठेवतात. त्यामुळे सालींतील रंग व तुरट द्रव्ये वाइनमध्ये उतरतात. पांढऱ्या गोड वाइनहून हिचे अन्नाशी असलेले नाते वेगळे का, याचे उत्तर या एका क्रियेत आहे.

मुरविण्याच्या दोन रीती आहेत, आणि त्यांतून दोन निराळ्या स्वभावांच्या वाइन निष्पन्न होतात. एका रीतीत वाइन हवेपासून राखून, लवकर बाटलीबंद करतात. बान्युल्समध्ये तिला ‘रिमाज’ म्हणतात, मोरीत ‘ग्रना’. ती गडद जांभळी असते, काळ्या चेरीचा, तुतीचा, रानफळांचा वास तिला असतो, आणि तुरटपणा जिभेला स्पष्ट जाणवतो. दुसऱ्या रीतीत वाइन मुद्दाम हवेच्या व उष्णतेच्या स्वाधीन केली जाते. मोरी गावाजवळ, केरिब्यूसच्या उद्ध्वस्त किल्ल्याखालच्या आग्ली खोऱ्यात, मा आमिएल नावाच्या मळ्याच्या अंगणात काचेच्या गोल, मोठ्या घागरी शेकड्यांनी उघड्यावर मांडलेल्या असतात. एकेका घागरीत ६० ते ७० लिटर वाइन. तिच्यावर उन्हाळ्यात रणरणते ऊन, हिवाळ्यात थंडी, दिवसा तापणे, रात्री निवणे, असे वर्षभर चालते, आणि मग ती वाइन लाकडी पिंपांत पुढील मुक्कामाला जाते. या तपाचरणाने जांभळा रंग विरून विटकरी, पुढे तपकिरी होतो, फळाचा ताजेपणा ओसरतो, आणि त्याच्या जागी अक्रोड, सुके अंजीर, मनुका, भाजलेला कोको, कॉफी यांचे वास येतात. रसायनशास्त्रज्ञांनी या जुन्या वाइनच्या वासाचे एक प्रमुख द्रव्य ओळखले आहे, त्याचे नाव सोटोलॉन. आपल्या मेथीदाण्याचा विशिष्ट वासही त्याच द्रव्याचा. मराठी घरात ज्याने मेथी परतण्याचा वास घेतला आहे त्याला जुन्या बान्युल्सचा पेला नाकाशी नेताच एक ओळखीची छटा सापडावी.

आता मेळाचा विचार. बोर्दो येथील एमिल पेनो यांनी वाइनच्या आस्वादाचे जे विवेचन केले त्याचा गाभा असा की, तांबड्या वाइनमध्ये एका पारड्यात मद्यार्काची व साखरेची मृदुता असते, दुसऱ्यात आम्लता व तुरटपणा एकत्र असतात, आणि दोन्ही पारडी समतोल असली की वाइन तोंडाला सुखावह होते. अन्नाचा घास या तराजूत तिसरे वजन टाकतो, आणि ते कोणत्या बाजूस पडते यावर मेळाचे भवितव्य अवलंबून असते. गोड घासानंतर कोणतीही वाइन आपल्या मूळ गोडीहून कमी गोड भासते. तिची गोडी मावळली की मागे राहिलेला आंबटपणा व तुरटपणा उघडे पडतात, आणि जी वाइन नुसती घेतली असता मखमली वाटली तीच पातळ व कडवट वाटू लागते. मीठ याच्या उलट वागते: ते कडवटपणा दाबते, तुरटपणाची धार बोथट करते, आणि फळाचा स्वाद पुढे आणते. स्निग्ध पदार्थ जिभेवर लेप देतात, त्या लेपाशी तुरट द्रव्यांची झटापट होऊन तोंड स्वच्छ होते. कडू पदार्थाजवळ साखर गेली की कडू सौम्य होते, साखरही चिकट राहत नाही. तिखटाची गोष्ट निराळी; मिरचीतील दाहक द्रव्य ज्या चेतातंतूंना डिवचते त्यांना मद्यार्कही डिवचतो, म्हणून जितका मद्यार्क अधिक तितका दाह अधिक, आणि साखर त्यावर थोडाच उतारा देऊ शकते. आपल्या षड्रसांच्या भाषेत मांडावयाचे तर, मधुर व कषाय हे दोन रस अंगी असलेल्या या पेयाला लवण व तिक्त हे दोन रस हवे असतात, मधुर पुरवणीपुरता चालतो, अम्ल सोसत नाही, आणि कटु त्याच्याशी भांडतो.

गोडाबरोबर गोड हे जुने सूत्र या कसोटीवर किती टिकते? ते निराधार नाही. चौदाव्या शतकाच्या अखेरीस, १३९३ च्या सुमारास, पॅरिसमधील एका वयस्क गृहस्थाने आपल्या तरुण पत्नीसाठी लिहिलेल्या गृहव्यवस्थेच्या ग्रंथात ईपोक्रास या पेयाची कृती सापडते. दालचिनी, सुंठ आदी मसाले व साखर घातलेली ही वाइन मेजवानीच्या अखेरीस, पातळ कुरकुरीत पापड्यांसारख्या वेफरांबरोबर दिली जात असे. तेव्हा गोड तांबडे पेय शेवटी येण्याची रूढी सहाशे वर्षांहून जुनी आहे हे मान्य केले पाहिजे. पण त्या पापड्या फारशा गोड नव्हत्या, आणि पेयात साखरेबरोबर मसाल्यांचा तिखट-कडू अंश होता, हे विसरता येत नाही. आजच्या मिष्टान्नांत साखरेचे प्रमाण वाइनमधील साखरेच्या कित्येक पट असते. बान्युल्समध्ये ती लिटरमागे शंभर ग्रॅमच्या आगेमागे, म्हणजे शेकडा दहाच्या सुमारास. साखरेचा पाक चढविलेल्या किंवा साखरेत मुरविलेल्या पदार्थापुढे ती टिकाव धरीत नाही.

म्हणून मिष्टान्नांत निवड करावी लागते, आणि निवडीचे तत्त्व असे की ज्या पदार्थाची गोडी फळाची आहे व जोडीला कवचफळांचा किंवा भाजणीचा कडवटपणा आहे तोच घ्यावा. रुसियोंतील सेरे हे गाव वर्षाच्या पहिल्या चेरींसाठी फ्रान्सभर प्रसिद्ध आहे. त्या चेरी, किंवा काळ्या चेरी पिठाच्या घोलात भाजून केलेली लिमूझें प्रांताची क्लाफुती, ही तरुण रिमाजबरोबर उत्तम जुळते, कारण फळ आणि वाइन यांचा वास एकाच कुळातला असतो. अक्रोडाची चपटी भाजणी, आजांचे सुके आलुबुखार, भाजलेली अंजिरे ही जुन्या, विटकरी रंगाच्या वाइनकडे द्यावीत. अंडे, दूध व साखर यांच्या सायीसारख्या पदार्थांविषयी माझे मत प्रतिकूल आहे. कातालान लोकांना प्रिय असलेली, वर जळलेल्या साखरेचा पापुद्रा असलेली क्रेम कातालान ही प्रसंगी जुन्या वाइनशी जमवून घेते, पण ती केवळ त्या जळलेल्या पापुद्र्याच्या बळावर. खालच्या सायीला मात्र तुरट वाइनचा स्पर्श झाला की ती बेचव होते. तेथे मुस्कात जातीची पांढरी गोड वाइनच शोभते, आणि त्या मुलखातील लोक तीच घेतात.

चॉकलेटचे प्रकरण स्वतंत्रपणे विचारात घेण्याजोगे आहे. बान्युल्स-चॉकलेट ही जोडी आज इतकी सर्वमान्य आहे की ती परंपरागत असावी असे वाटते, पण ती तशी असणे शक्यच नाही, कारण खाण्याच्या चॉकलेटची वडी ही गेल्या दोन शतकांतील वस्तू आहे. इंग्लंडमधील फ्राय यांच्या कारखान्याने तशी वडी काढली ती १८४७ साली, तोपर्यंत चॉकलेट हे मुख्यत्वे पिण्याचे होते. म्हणजे ही जोडी जुन्या रूढीने दिलेली नाही, ती प्रत्यक्ष चवीतून सिद्ध झालेली आहे, आणि माझ्या दृष्टीने यातच तिचे मोल आहे. चॉकलेट तांबड्या वाइनचा शत्रू समजला जातो तो रास्त कारणाने: कोको कडू व तुरट, कोरडी तांबडी वाइनही तुरट, आणि दोन तुरट रस एकत्र आले की तोंड आवळून येते. गोड तांबड्या वाइनमध्ये साखर मध्यस्थी करते. यासाठी चॉकलेट कडूच हवे, शेकडा ६० ते ७५ कोकोचे. दुधाळ चॉकलेटची साखर वाइनला नमविते, आणि ८५ च्या पुढे गेल्यास कोकोचा कोरडेपणा वाइनच्या साखरेलाही आवरत नाही. घेण्याची रीतही महत्त्वाची आहे. तुकडा चावून गिळू नये. जिभेवर ठेवून तो अर्धा वितळेपर्यंत थांबावे, कोकोची स्निग्धता गालांच्या आतल्या बाजूंना पसरू द्यावी, आणि तो कडवटपणा वर येऊ लागला की लहान घोट घ्यावा. वाइनची ऊब उरलेले चॉकलेट वितळविते, फळाचा वास नाकाच्या मागल्या वाटेने वर चढतो, आणि कडू कोणते व गोड कोणते याचा निवाडा क्षणभर करता येत नाही. संत्र्याची साल किंवा बदाम घातलेले चॉकलेट असेल तर जुनी वाइन, रास्पबेरीचे असेल तर तरुण वाइन, इतका भेद पुरे.

असे असूनही प्रथम पसंतीचा मान मी चॉकलेटला देणार नाही. तो चीजचा आहे, आणि त्यातही निळ्या बुरशीच्या चीजचा. दक्षिण फ्रान्समधील कोंबालू डोंगराच्या गार, ओलसर गुहांत मेंढीच्या दुधाचे रोकफोर पिकते. ते तेथेच पिकविण्याचा हक्क रोकफोर गावच्या लोकांना सहाव्या चार्ल्स राजाच्या १४११ च्या सनदेने मिळाला असे सांगतात, आणि १९२५ च्या कायद्याने या नावाला संरक्षण देण्यात आले. बोटाच्या पेराएवढा तुकडा टाळूशी दाबला की प्रथम स्निग्धता पसरते, मागून खारटपणा येतो, आणि सर्वांत शेवटी बुरशीचा झणझणीत कडवटपणा, जो एकट्या पावाने शमत नाही. त्यावर बान्युल्सचा घोट घेतला असता मीठ वाइनचा तुरटपणा दाबते, वाइनची साखर चीजचा खारटपणा आवरते, आणि स्निग्धता धुऊन निघून तोंड पुढच्या घासाला मोकळे होते. प्रत्येकाने दुसऱ्याचा दोष झाकावा असा हा परस्परांचा उपकार आहे. इंग्रजांनी स्टिल्टन चीज व पोर्तुगालची पोर्ट वाइन यांची सांगड घातली ती याच न्यायाने, पण पोर्टमध्ये मद्यार्क शेकडा २० च्या आसपास असतो आणि बान्युल्समध्ये १६ ते १७, त्यामुळे चीजचा सूक्ष्म वास फ्रेंच जोडीत अधिक शिल्लक राहतो असे मला वाटते. रोकफोर ज्यांना उग्र वाटते त्यांनी गाईच्या दुधाचे, सौम्य फूर्म दांबेर घ्यावे.

चीजच्या बाबतीत आणखी एक पुरावा पिरेनीजच्या पश्चिम टोकाकडून मिळतो. तेथील बास्क लोक मेंढीच्या दुधाच्या घट्ट, पिवळसर ओसो-इराती चीजबरोबर इत्सासू गावच्या काळ्या चेरींचा मुरंबा खातात. खारट-स्निग्ध चीजला काळ्या फळाची गोडी हवी हे तेथील सामान्य शेतकऱ्यालाही कोणी शिकवावे लागलेले नाही. मुरंब्याच्या जागी रिमाजचा पेला ठेवला तर तीच चेरीची चव, तीच गोडी, आणि शिवाय मुरंब्यात नसलेला तुरटपणा लाभतो. उलटपक्षी ताजे, आंबूस बकरीचे चीज आणि कामांबेरसारखे मऊ, पांढऱ्या सालीचे चीज यांना दूर ठेवावे. पहिल्याचा आंबटपणा वाइनला ढोबळ करतो, दुसऱ्याच्या सालीतील उग्र वास तुरटपणाशी मिळून कडू होतो.

मांसाहाराबद्दल पाकशास्त्री भिन्न मते देतात. अंजिरांबरोबर वा चेरींबरोबर शिजविलेले बदक, बदकाचे पुष्ट यकृत, रानडुकराचा दाट रस्सा, या सर्वांबरोबर बान्युल्स सुचविली जाते. कातालान स्वयंपाकात मांसाच्या रश्श्यात वाटलेली कवचफळे व किंचित चॉकलेटही घालतात, त्यामुळे सूचना अवास्तव नाही. पण एक बाब दुर्लक्षिली जाते. पहिले दोन घास अप्रतिम लागतात, आणि बशी संपेपर्यंत तीच गोडी जड होऊन जाते; जेवणाचा मुख्य पदार्थ पोटभर खावयाचा असतो, आणि १६ टक्के मद्यार्काची गोड वाइन पोटभर खाण्याला साथ देणारी नव्हे. यावर उत्तम तोड अशी की, बदक भाजून झाल्यावर तव्यात चिकटलेला रस बान्युल्स ओतून सोडवून घ्यावा, आटवून त्याचा रस्सा करावा, आणि पेल्यात मात्र त्याच चार गावांच्या त्याच तालींवरची कोरडी तांबडी कोलिऊर वाइन घ्यावी. तिलाही १९७१ पासून स्वतःचे नाव आहे. गोडी अन्नात राहते, पेला हलका राहतो. केवळ यकृताला हा नियम लागू करू नये, कारण ते आरंभी, थोडेसे, टोस्टबरोबर खाल्ले जाते, आणि तेथे लहान पेला शोभून दिसतो.

माशाबरोबर ही वाइन घेऊ नये. तांबड्या वाइनमधील लोहाचा अंश माशाच्या तेलांशी मिळून तोंडात हिवसा वास ठेवतो, असे जपानी संशोधकांनी २००९ साली दाखविले आहे, आणि साखरेने तो दोष झाकला जात नाही. कोलिऊरची खारविलेली अँचोव्ही ही त्या किनाऱ्याची शान खरी, पण तिच्याबरोबर तेथील लोक साखर उरू न दिलेली, जुनी, कडवट रान्सिओ वाइन घेतात, आणि तेच योग्य आहे.

जेवणापूर्वी घेण्याच्या फ्रेंच वहिवाटीकडे आता वळू. हा रिवाज तेथे इतका बळकट आहे की पोर्तुगालच्या पोर्ट वाइनचे फ्रान्स हे कित्येक दशके मोठे गिऱ्हाईक राहिले आहे, आणि ती पोर्टही तेथे बहुधा जेवणापूर्वीच संपते. रुसियोंतल्याच त्वीर गावी व्हियोले बंधूंनी १८६६ साली गोड तांबड्या वाइनमध्ये सिंकोनाची साल घालून बिर नावाचे पेय काढले, त्याचा खप एके काळी अफाट होता. त्यात कडू घातले होते ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे, कारण निर्भेळ गोडी भूक मारते आणि कडू ती चाळविते. नुसती बान्युल्स जेवणापूर्वी घ्यावयाची झाली तर हे कडू आणि खारे अन्नातून आणावे लागते: मीठ लावून भाजलेले बदाम, अक्रोड, डोंगरी डुकराच्या वाळविलेल्या मांसाचे पातळ काप. अन्नाशिवाय, रिकाम्या पोटी ती घेण्याची चाल मला पसंत नाही.

साध्या, हलक्या गोड तांबड्या वाइनबद्दल थोडक्यात सांगता येते. तिच्यात मद्यार्क कमी, तुरटपणा कमी, म्हणून बान्युल्सला जे जड जाते तेच तिला झेपते: मध लावून भाजलेले मांस, आशियाई पद्धतीचे गोड-तिखट पदार्थ, उन्हाळ्यातील फळे. सेर्दों तर स्ट्रॉबेरीच्या साध्या टार्टबरोबर व रविवारच्या दुपारी बागेतल्या जेवणाच्या शेवटी घेण्यासाठीच निर्माण झाली असावी असे वाटते. या वाइन चांगल्या थंड कराव्यात.

आपल्याकडील पदार्थांचा विचार याच हिशेबाने करता येतो. गोव्यात पोर्ट या नावाने विकली जाणारी गोड तांबडी वाइन नाताळात सुक्या मेव्याच्या काळ्या केकबरोबर घेतात, आणि मनुका, जळकी साखर व मसाले यांचा तो केक बान्युल्सलाही मानवेल. पुरंदरची अंजिरे, विशेषतः सुकी, अक्रोडासह जुन्या मोरीबरोबर सुरेख लागावीत. पुरणपोळी, चिक्की व तिळगूळ यांच्यात गुळाची गोडी वाइनच्या वर चढते, आणि श्रीखंडाचा आंबूसपणा तिला मुळीच सोसत नाही. काळ्या मसाल्याच्या मटणात भाजलेले खोबरे व दगडफूल यांचा धुरकट वास वाइनशी नाते सांगतो, पण तिखट तेज असेल तर १६ टक्के मद्यार्क ते भडकवील. तेथे थंड केलेली हलकी गोड वाइनच बरी. परदेशी असलेल्या ज्या मराठी कुटुंबांत दोन्ही प्रकारचे अन्न शिजते त्यांनी हा प्रयोग मिरची निम्म्यावर आणून जरूर करावा.

देण्याच्या रीतीत दोन चुका सर्रास होतात. खोलीच्या उष्णतेवर दिलेली ही वाइन मद्यार्काने नाक झोंबवते, आणि बर्फागत गार दिलेली नुसती तुरट लागते. १४ ते १६ अंश सेल्सिअस हे तिचे माफक तापमान, रिमाजसाठी त्याच्याही किंचित खाली. पेला लहान असावा, पण इतका लहान नको की नाक आत जाऊ नये. बाटली उघडल्यावर रिमाज चार-पाच दिवसांत संपवावी, कारण तिचे फळ हवेने मरते. उघड्या अंगणात मुरलेली जुनी वाइन हवेला सरावलेली असल्यामुळे बूच लावून थंड जागी ठेवल्यास कित्येक आठवडे टिकते, आणि म्हणून एकट्यादुकट्या माणसाच्या घरी तीच अधिक सोयीची.

पहिला मान निळ्या चीजला, दुसरा कडू चॉकलेटला, तिसरा चेरी, अंजीर व अक्रोडाच्या पदार्थांना, आणि मुख्य जेवणात या वाइनची जागा पेल्यापेक्षा रश्श्यात, असा माझा निवाडा आहे. ज्या वाचकाला ती मिळण्याचा योग येईल त्याने अर्ध्या लिटरची लहान बाटली घ्यावी, तिचा पहिला पेला मिष्टान्नासाठी राखून न ठेवता रोकफोरच्या तुकड्याबरोबर व साध्या पावाबरोबर घ्यावा, आणि मग आपले मत ठरवावे.